माळवदाचं सागवान शहाबादीवर: जुन्या घरातल्या एका लाकडी जमिनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही आणि घरातली नाती थोडी बदलली आहेत. मापं, महिने आणि ओलाव्याचे आकडे मात्र माझ्या वहीतले आहेत.

घर जुनं म्हणावं तर अर्धंच जुनं. काळ्या दगडाचं तीन फुटी जोतं घरमालक तात्यांच्या वडिलांच्या काळातलं. त्यावर पूर्वी मातीत बांधलेल्या दगडी भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छप्पर, होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हे घर पडलं नाही, पण दोन भिंतींना पोट आलं. त्यानंतर आपल्याकडे माळवदाखाली झोपायला माणसं धजेनात. फूटभर मातीचं माळवद म्हणजे चौरस फुटाला पंचेचाळीस-पन्नास किलोचं ओझं डोक्यावर. किल्लारी-सास्तूर भागात माणसं दगावली ती बरीचशी या ओझ्याखाली आणि दगडमातीच्या भिंतींखाली. तात्यांनी पुढच्या दोन वर्षांत माळवद उतरवलं, भिंती काढल्या आणि त्याच जोत्यावर खांब, विटांच्या भिंती आणि स्लॅब असं नवं घर उभं केलं. जोतं आणि आतली शहाबादी फरशी तेवढी जुनी राहिली.

उतरवलेल्या सागवानी तुळया आणि सर (तुळयांवरचे बारीक वासे) गोठ्यात रचून ठेवले होते. कधीतरी कामाला येतील, या एका वाक्यावर ते जवळजवळ तीस वर्षं तिथेच पडून होते.

२०२२ च्या मार्चमध्ये घराचं नूतनीकरण निघालं. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाची इच्छा अशी, की ढाळजेलगतची, म्हणजे दारातल्या ओसरीलगतची बैठकीची खोली, चौदा फूट बाय अकरा फूट, लाकडी करावी. तात्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, पौष-माघात शहाबादीवर पाय ठेवला की गुडघे धरतात, आणि दिवसातला बराच वेळ ते याच खोलीत पेटीवर भजनं म्हणत बसलेले असतात. मुलाच्या डोक्यात लॅमिनेट होतं. त्याने फोनवर रंगाचे चार नमुने पाठवले. तात्यांनी ते पाहिले आणि म्हणाले, "गोठ्यात आपलं सागवान पडलंय अन् तू पुण्याहून भुशाच्या पाट्या आणायलास व्हय?"

मला बोलावलं गेलं ते या भांडणाचा निकाल लावायला.

अडचण कुठे होती

पहिल्या भेटीत दोन तास फक्त वरच्या थराबद्दल बोलणं झालं. लॅमिनेट की साग, फिकट की गडद, चकचकीत की मॅट. खालच्या शहाबादीकडे कुणी पाहत नव्हतं. कबूल करतो, मीही सुरुवातीला पाहिलं नाही. ती पन्नास वर्षं तिथे आहे, दगड आहे, तिला काय होणार, अशीच माझीही समजूत.

शहाबादी आपल्याकडे इतकी सर्रास आहे, कारण शहाबाद इथून लांब नाही, शेजारच्या कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तो थरांचा चुनखडक आहे, म्हणून तर त्याच्या सरळ लाद्या निघतात. पण जुन्या घरांत ती घातली कशी जायची हे महत्त्वाचं. जोत्यात मुरूम भरायचा, पाणी मारून धुमसाने ठोकायचा, वर वाळू-चुन्याचा थर आणि त्यावर लाद्या. खाली प्लास्टिकचा कागद नाही, काँक्रीट नाही, ओल अडवणारा थर नाही. जोत्याखाली काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडणारी आणि पावसात फुगणारी. त्या मातीतली ओल मुरमातून वर चढते आणि लाद्यांच्या सांध्यांतून बाहेर पडते. उघड्या शहाबादीला त्याचा त्रास नसतो, कारण ओल येते तशी उडून जाते. तिच्यावर लाकूड अंथरलं की ती वाट लाकडातून जाते.

दुसरी गोष्ट उताराची. पाण्याची लेव्हल-नळी लावून पाहिलं तर चौदा फुटांत मागच्या दाराकडे जवळजवळ पावणेदोन इंचांचा उतार होता. हा दोष नव्हता. ही खोली पूर्वी बादल्या ओतून धुतली जायची आणि पाणी मागच्या मोरीकडे निघावं म्हणून गवंड्याने मुद्दाम उतार ठेवला होता. शिवाय मधल्या सहा-सात लाद्या हलत होत्या, आणि एका कोपऱ्यात भिंतीला टाचेपर्यंत लोणा (ओलीने भिंतीवर फुटणारा क्षार) लागलेला दिसत होता. तो रंगाखाली अर्धवट झाकला गेला होता. घरच्यांच्या मते ते "जुनं आहे, दरवर्षी रंग मारतो".

ओलाव्याची तपासणी: एप्रिल आणि ऑगस्ट

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय या टप्प्यावर झाला, आणि तो माझा नव्हता.

ओल तपासायची साधी पद्धत अशी: दीड फूट चौकोनी जाड पारदर्शक प्लास्टिक फरशीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायचं, रात्रभर आणि शक्यतो पूर्ण दिवस ठेवायचं, मग खालून थेंब धरले आहेत का, फरशी काळवंडली आहे का ते पाहायचं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तीन ठिकाणी कागद लावले. एक पुढच्या दाराशी, एक मध्यभागी, एक लोण्याच्या कोपऱ्यात. तिसऱ्या दिवशी उघडले. तिन्ही कोरडे. कोपऱ्यातला कागद किंचित धुरकट होता, एवढंच. मुलगा व्हिडिओ कॉलवर होता. तो म्हणाला, "सर, कोरडीठाक आहे. अक्षयतृतीयेनंतर सुरू करू?"

मी हो म्हणण्याच्या बेतात होतो. बाहेर चाळिशीपार ऊन, हवेत पाणी नावाला नाही. अशा दिवसांत जोत्यातली ओल वर येण्याआधीच वाळते, आणि मी नेमक्या त्याच दिवसांत तपासणी केली होती.

हे माझ्या लक्षात आणून दिलं दोघांनी. हलत्या लाद्या पाहायला आलेले गवंडी मामा म्हणाले, "साहेब, आता काय कळतंय. आखाडात या. तवा ही जमीन खालून पाणी सोडायलीय का नाही बघा." आणि चहा घेऊन आलेल्या अक्कांनी सहज सांगितलं, की भाद्रपदात या खोलीत पापडाचा डबा कधीच जमिनीवर ठेवत नाहीत, आणि वाकळ अंथरून झोपलं तर सकाळी खालची बाजू गार आणि जड लागते. ओलावा मोजायचं मीटर घेऊन मी दोन दिवस जे शोधत होतो ते त्या घरात चाळीस वर्षं माहीत होतं. विचारलं नाही म्हणून कुणी सांगितलं नाही.

मुलाला हे पटायला वेळ लागला. दिवाळीच्या आत घर तयार हवं होतं, आणि त्याच्या हिशेबात पाऊस बघत बसणं म्हणजे चार महिने वाया. तात्यांनी मिटवलं: "तीस वर्षं पडलंय लाकूड. चार महिन्यानं काय बिघडतंय?"

ऑगस्टच्या मध्याला, दहा दिवसांच्या झडीनंतर, त्याच तीन जागी कागद लावले. पुढच्या दाराशी कोरडा. मध्यभागी धुकं धरल्यासारखा. कोपऱ्यातला कागद उचलला तर खालून थेंब ओघळले आणि दगड काळा पडलेला.

आता प्रश्न असा, की तिन्ही ठिकाणी माती एकच, जोतं एकच, मग फरक का? मातीची ओल असती तर साधारण सगळीकडे सारखी दिसायला हवी होती. कोपऱ्याच्या भिंतीपलीकडे न्हाणी होती. न्हाणीचं पाणी बाहेर नेणारा जुना चिनी मातीचा पाइप जोत्यातून जात होता. खणून पाहिलं. सांधा सुटला होता. काळी माती वर्षाला वर-खाली होते, कडक सांध्याचा पाइप तिच्यासोबत वाकत नाही, म्हणून तो सांध्यात फुटतो. म्हणजे कोपऱ्यातल्या ओलीचं मूळ जमिनीत नव्हतंच. रोजच्या अंघोळीचं पाणी जोत्यात मुरत होतं, आणि घरचे त्यावर दरवर्षी रंग मारत होते.

पाइप बदलला. नवा पीव्हीसी टाकला, जोत्याच्या बाहेरून वळवला. ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा कागद लावले तेव्हा कोपरा आणि मधली जागा सारखीच, नुसती धुरकट. म्हणजे जी उरली ती खरी जमिनीची ओल, आणि ती मध्यम होती.

एप्रिलमध्ये काम केलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मी अनेकदा केला आहे. पहिल्याच श्रावणात कोपऱ्यातल्या फळ्या कुबडल्या असत्या, आम्ही सगळ्यांनी लाकडाला दोष दिला असता आणि पाइप तसाच गळत राहिला असता.

कोणते पर्याय होते

लाकडी दिसणारी विट्रिफाइड टाइल. तात्यांच्या गुडघ्यांना तिचा उपयोग शून्य, म्हणून बाद.

लॅमिनेट. आमच्याकडे आलेला भाव चौरस फुटाला सव्वाशेच्या आसपास. वरचा थर कठीण असतो, ओरखडे कमी पडतात, पण आतला गाभा दाबलेल्या लाकडी तंतूंचा. त्याला कडेने पाणी लागलं की तो फुगतो आणि परत बसत नाही. ओल्या फडक्याने रोज फरशी पुसणाऱ्या घरात हे मला धोक्याचं वाटलं. एसपीसी म्हणजे दगडी भुकटी आणि प्लास्टिकच्या पाट्या, त्यांना पाण्याचं भय नाही. निव्वळ व्यवहार पाहिला असता तर मी हाच पर्याय सुचवला असता, आणि तसं मुलाला सांगितलंही. त्याने एक नमुना हातात घेतला, तात्यांकडे पाहिलं आणि परत ठेवला.

इंजिनिअर्ड लाकूड. खाली प्लायचे आडवे-उभे थर, वर दोन-चार मिलिमीटर खरं लाकूड. हवामानाच्या फरकाला ते घन लाकडापेक्षा शांत राहतं. भाव तिपटीच्या वर.

आणि गोठ्यातलं सागवान.

सागवानाचा हिशेब मी कागदावर मांडला. सहा तुळया, प्रत्येकी सहा इंच बाय सात इंच, अकरा फूट लांब. वीस सर, तीन बाय चार इंचाचे, सात फुटी. एकूण सुमारे एकतीस घनफूट. एका घनफुटाच्या इंची फळ्या काढल्या तर कागदावर बारा चौरस फूट होतात. पण आऱ्याचं पातं खातं, रंदा खातो, खाच-जीभ (फळीत फळी अडकवायची कड) काढताना रुंदी जाते, आणि जुन्या तुळईत खिळे, चिरा, किड्यांची भोकं आणि कडेचं फिकट रसाचं लाकूड असतं. वाळवी सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही, पण ते फिकट लाकूड ती सोडत नाही, त्यामुळे ते काढून टाकावंच लागतं. शेवटी आमच्या हाती घनफुटामागे सरासरी साडेपाच चौरस फूट आलं, म्हणजे एकशे सत्तर. खोलीला हवे होते एकशे चोपन्न. थोडक्यात निभावलं. आणखी एक तुळई पोकळ निघाली असती तर काम मध्येच अडलं असतं.

एक अडचण अशी आली, की पहिल्या सॉ मिलवाल्याने तुळया पाहताच हात जोडले. जुन्या लाकडातला एक खिळा अख्खं पातं घालवतो. मग सुताराने आणि त्याच्या मुलाने मेटल डिटेक्टर फिरवून दोन दिवस खिळे उपसले. त्यांची पिशवी तात्यांनी अजून ठेवली आहे, घडवलेले चौकोनी खिळे आहेत.

खालच्या जमिनीचे पर्याय वेगळे होते आणि माझ्या मते तेच खरे पर्याय होते. पहिला, शहाबादी उखडून, मुरूम उपसून, जाड प्लास्टिक आणि तीन इंच काँक्रीट. सर्वांत पक्का. पण काँक्रीट वाळायला ढोबळमानाने इंचाला एक महिना लागतो, म्हणजे दिवाळी तर गेलीच, पुढचा मार्चही गाठणं कठीण. दुसरा, शहाबादीवर प्लास्टिक अंथरून सरळ फळ्या चिकटवणं. स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात वाईट, कारण सांध्यांतून येणारी ओल पूर्ण कोंडली की ती भिंतीच्या पायथ्याकडे सरकते. जोत्यावरच्या विटांच्या भिंतींनाही ओल अडवणारा थर नव्हता. तिसरा, शहाबादी राहू द्यायची, तिच्यावर आडव्या पट्ट्या टाकायच्या, पट्ट्यांवर फळ्या आणि मधली पोकळी हवेशीर ठेवायची.

निर्णय आणि त्यामागची कारणं

तिसरा पर्याय निवडला, आणि तो शक्य झाला उंबऱ्यामुळे. जुन्या सागवानी चौकटीचा उंबरा फरशीपासून साडेचार इंच उंच. घरातला प्रत्येक माणूस त्याला कधी ना कधी ठेचकाळलेला. नूतनीकरणात तो कापून टाकायचं जवळपास ठरलंच होतं. दीड इंचाची पट्टी आणि पाऊण इंचाची फळी धरून जमीन सव्वादोन इंच वर येणार होती. उंबरा उंच असल्यामुळे दार न कापता ते बसलं. सपाट चौकटीच्या आधुनिक दारात हेच काम करायला दाराचा खालचा भाग कापावा लागतो आणि शेजारच्या खोलीशी पायरी तयार होते.

उताराबद्दल वाद झाला. फळ्यांच्या खाली जमीन सपाट हवी, समतल असलीच पाहिजे असं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि लोक त्या एक समजतात. सहा फुटी सरळ मोजपट्टी ठेवली आणि खाली दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली नाही, तर एकसारख्या उतारावरही फळ्या नीट बसतात. चढ-उतार असतील तर फळी पायाखाली दबते आणि कुरकुरते. म्हणून उतार तसाच ठेवून चालेल असं माझं मत होतं. तात्यांनी ते ऐकून घेतलं आणि कपाटाकडे बोट दाखवलं. कपाटाच्या मागच्या पायांखाली लाकडाच्या पाचरी होत्या, पेटी ठेवायच्या चौरंगाखालीही. "आता तरी ही काढा," म्हणाले. पट्ट्यांखाली पॅकिंग देऊन खोली समतल केली. एक दिवस जास्त लागला.

फळ्या कधी बसवायच्या, हा शेवटचा निर्णय. मराठवाड्यात लाकडाचं वर्ष दोन टोकांचं असतं. चैत्र-वैशाखात गोठ्यातल्या तुळयांवर मीटरने साडेसहा टक्के ओलावा दाखवला होता. ऑगस्टमध्ये त्याच लाकडात चौदा. पातळ फळ्या काढल्यावर हा फरक पूर्ण खोलीला जाणवतो. सागाची आडवी, म्हणजे बुंध्याला स्पर्शरेषेत कापलेली फळी ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्याला रुंदीत साधारण ०.१९ टक्क्याने बदलते. नव्वद मिलिमीटरची फळी चार टक्के वाळली तर सुमारे पाऊण मिलिमीटर आक्रसते. आणि साडेतीन टक्के ओल धरली, तर अकरा फुटांच्या रुंदीतल्या सदतीस फळ्या मिळून बावीस मिलिमीटरच्या आसपास पसरायला जागा मागतात. वैशाखात बसवल्या तर श्रावणात त्या भिंतीला रेटतात, श्रावणात बसवल्या तर उन्हाळ्यात फटीतून नाणं खाली जातं. म्हणून मधला आकडा पकडायचा. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, त्याच खोलीत तीन आठवडे मधे पातळ लाकडी खपल्या घालून, हवा खेळेल अशा रचलेल्या फळ्यांवर मीटर साडेदहा दाखवत होतं. तेव्हा काम सुरू केलं. दिवाळी तोवर होऊन गेली होती. मुलगा थोडा नाराज होता.

प्रत्यक्ष काम

हलत्या लाद्या उचलून पुन्हा बसवल्या, सांधे खरवडून भरले. भिंतीलगत फूट-फूट अंतरावर भोकं पाडून वाळवीचं औषध सोडलं. त्यावर जाड प्लास्टिक, आठ इंचांची घडीवर घडी, भिंतीपासून पंधरा मिलिमीटर आत थांबवलेलं. म्हणजे कडेने ओल बाहेर पडायला वाट राहावी. स्कर्टिंगच्या पट्टीला समोरासमोरच्या दोन भिंतींवर झिरी ठेवल्या, पोकळीतली हवा फिरावी म्हणून.

पट्ट्या शहाबादीला ठोकल्या नाहीत. मिस्त्रींना ते पटत नव्हतं. पण भोक पाडलं की प्लास्टिक फाटतं आणि शहाबादी थरांत फुटते. त्यामुळे पट्ट्या रबराच्या तुकड्यांवर नुसत्या ठेवल्या, सोळा इंचांच्या अंतराने, आणि त्यांना आडवे तुकडे मारून चौकट बांधली. फळ्या जिभेतून तिरका खिळा मारून बसवल्या. भिंतीशी दोन्ही बाजूंना बारा मिलिमीटर मोकळे.

पट्ट्यांच्या मध्ये वाळू भरायची सुताराची सूचना होती, पाय टाकल्यावर ढबढब आवाज येऊ नये म्हणून. मी नाही म्हटलं. वाळू ओल धरते आणि वाळवीला आडोसा देते. त्यामुळे खोली आता पोकळ वाजते. तात्या म्हणतात पेटीचा सूर भरून येतो. अक्कांचं म्हणणं असं, की नातू पळाला की वर कुणी ढोल आपटायलंय वाटतं. दोघांचंही खरं आहे.

वरून पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) न मारता जवसाच्या तेलाचे तीन हात आणि मेण दिलं. पीयूचा थर उखडला की पूर्ण खोली घासावी लागते, तेलाचा डाग तेवढ्यापुरता दुरुस्त होतो. इथे एक सावधगिरी सांगून ठेवतो: तेल पुसलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात फेकायचे नाहीत. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि असा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. बोळे पाण्यात बुडवून मग मोकळ्या हवेत सुटे पसरावेत.

काय झालं

पहिला हिवाळा छान गेला. एप्रिलमध्ये अपेक्षेप्रमाणे फळ्यांमध्ये पोस्टकार्ड जाईल एवढ्या फटी पडल्या. मी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे कुणी घाबरलं नाही.

मे महिन्यात फोन आला. खिडकीजवळच्या चार फुटांत फळ्यांच्या कडा वर आल्या आहेत. उरलेल्या खोलीत फटी, आणि तिथे फुगवटा. मी पाइपचा विचार करत गाडी काढली. पोचलो तर खिडकीत कूलर. वाळ्याचे पडदे नवे, टाकी काठोकाठ भरलेली, हवा सरळ खाली फळ्यांवर, आणि टाकीतून थेंब-थेंब पाणी. बाहेर हवेत ओलावा नावाला नाही आणि या चार फुटांत सदा श्रावण. मीटरने तिथे तेरा दाखवले, पलीकडच्या भिंतीशी सात.

वर्षाचा ओलावा मोजला, जमिनीचा मोजला, पाइप खणला. उन्हाळ्यात प्रत्येक घरात कूलर असतो हे मात्र माझ्या यादीत नव्हतं. तात्यांच्या खोलीत तो कुठे ठेवतात हे विचारलंच नव्हतं. कूलर ढाळजेच्या बाजूच्या खिडकीत हलवला, खाली ट्रे ठेवला आणि समोरची खिडकी उघडी ठेवायला सांगितली. बहुतेक कडा दोन महिन्यांत बसल्या. दोन फळ्या अजूनही किंचित वर आहेत. त्या दोन्ही स्पर्शरेषेत कापलेल्या. शेजारच्या उभ्या रेषांच्या, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने कापलेल्या फळ्या सपाट राहिल्या, कारण तशी फळी ओलाव्याने जवळपास निम्मीच हलते. खिडकीकडे मुद्दाम उभ्या रेषांच्या फळ्या लावायच्या हे सुचलं असतं तर बरं झालं असतं. फळ्या तर आमच्याच होत्या, फक्त निवडून ठेवायला हव्या होत्या.

दुसरी गोष्ट भिंतीची. न्हाणीच्या बाजूच्या भिंतीला पहिल्या पावसाळ्यात जमिनीपासून सहा इंचांवर पुन्हा लोणा दिसला. पाइप दुरुस्त होता, हे तपासलं. माझा अंदाज असा, की मधल्या प्लास्टिकखालची ओल कडेला सरकली आणि भिंतीने शोषली. ही भीती आधीच होती, म्हणून तर कडेला वाट ठेवली होती. ती पुरेशी नव्हती. तिथलं सिमेंटचं प्लास्टर फूटभर उंचीपर्यंत काढून चुन्याचं केलं आणि त्यावर रंग मारायचा नाही असं ठरलं.

वेगळं काय करता आलं असतं

मुलाला पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं, की काम दिवाळीपूर्वी होणार नाही. मी ते टप्प्याटप्प्याने सांगितलं आणि प्रत्येक वेळी त्याला वाटलं आपण एकच आठवडा लांबलो. त्याने दरम्यान पाहुण्यांना बोलावून ठेवलं होतं.

खर्चाबद्दल एक खुलासा. "लाकूड घरचंच" असं म्हणताना कुणी मजुरी धरत नाही. खिळे काढणं, कापणं, रंदा, खाच-जीभ, वाया गेलेलं लाकूड आणि सुताराचे बावीस दिवस धरले तर चौरस फुटाला इंजिनिअर्ड लाकडाच्या भावाच्या आसपासच खर्च आला. पैसे वाचवायला म्हणून कुणी तुळया कापू नयेत. इथे कारण वेगळं होतं आणि ते सगळ्यांना आधीच माहीत होतं.

आणि मधल्या प्लास्टिकबद्दल मी अजून ठाम नाही. ते न टाकता पोकळी जास्त हवेशीर ठेवली असती, जोत्याच्या दगडांतून पुढे-मागे जाळीची दोन भोकं काढली असती, तर भिंतीचा लोणा टळला असता का? जोतं तीन फूट उंच होतं, भोकं सहज काढता आली असती. तात्यांनी जोत्याला हात लावू दिला असता की नाही, हा वेगळा प्रश्न.

न्हाणीकडच्या भिंतीवर लोणा जिथवर चढला होता तिथे मी पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहिली आहे. २०२४ च्या भाद्रपदात तो रेघेच्या दोन बोटं खाली होता. अक्का रोज झाडताना बघतात, आणि पापडाचा डबा अजूनही चौरंगावरच ठेवतात.